प्रस्तावना : लवकर रुसणारे, उशिरा मरणारे

मराठी घरात प्रवाळ दोन वाटांनी येते. एक सराफाच्या पेढीवरून, पोवळे होऊन, मंगळासाठी अनामिकेत बसायला. दुसरी वैद्याच्या पुडीतून, प्रवाळपिष्टी होऊन, पित्तावर उतारा म्हणून. दोन्ही वाटांनी येणारे प्रवाळ मेलेले असते. अंगठीतले अस्सल पोवळे बहुधा भूमध्य समुद्रात वाढलेल्या एका प्राण्याच्या सांगाड्याचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा असतो. त्याच्यावर कधी काळी शेकडो इवली तोंडे उघडत-मिटत होती, हे सराफ सांगत नाही आणि ज्योतिषीही सांगत नाही. तेव्हा जिवंत प्रवाळ घरच्या काचेच्या टाकीत पाहावे अशी ओढ एखाद्या मराठी वाचकाला लागली, तर तिला परक्या देशातले खूळ म्हणून हसू नये. नाव आणि रंग आपल्या ओळखीचे आहेत. जीव तेवढा पाहायचा राहिला आहे.

हा जीव आहे, हे पटायला शहाण्या माणसांनाही वेळ लागला. अठराव्या शतकाच्या आरंभी लुईजी फेर्दिनांदो मार्सिली या इटालियन अभ्यासकाने समुद्रातून नुकतेच काढलेले पोवळे पाण्याच्या भांड्यात ठेवले. थोड्या वेळाने त्याच्या फांद्यांवर आठ-आठ पाकळ्यांची पांढरी फुले उमलली, आणि प्रवाळ ही वनस्पतीच होय, असा निर्वाळा त्याने दिला. पुढे मार्सेयचा वैद्य झां-आंद्रे पेसोनेल याने त्याच फुलांकडे अधिक चिकाटीने पाहिले. हात लागताच ती आखडतात, मेल्यावर त्यांना प्राण्याच्या मांसासारखी दुर्गंधी येते, तेव्हा ही फुले नसून प्राणी आहेत, असे त्याने १७२० च्या दशकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. अकादमीपुढे ते टिपण मांडताना थोर निसर्गशास्त्रज्ञ रेओम्यूर याने लेखकाचे हसे होऊ नये म्हणून त्याचे नावच गाळले! १७४० च्या दशकात गोड्या पाण्यातल्या हायड्रावरचे प्रयोग प्रसिद्ध झाल्यावर रेओम्यूरला आपले मत बदलावे लागले. मार्सिलीचे ते भांडे मला या छंदाचे आद्य मत्स्यालय वाटते. पोवळे तेच, पाणीही तेच. एकाला फूल दिसले, दुसऱ्याला तोंड. प्रवाळ पाळायला निघालेल्या प्रत्येकाला हा प्रवास आपल्यापुरता पुन्हा करावा लागतो.

भांड्यात काही तास तगलेले प्रवाळ टाकीत वर्षानुवर्षे वाढू लागले ते मात्र फार उशिरा. इंडोनेशियातील ली चिन एंग याने १९६१ मध्ये आपली साधी पद्धत अमेरिकी नियतकालिकातून जगापुढे ठेवली : समुद्रातले जिवाणूंनी भरलेले दगड, खेळते पाणी, हवेचे थोडे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश. समुद्र दाराशी नसलेल्या युरोपीय हौशी लोकांनी, विशेषतः बर्लिनकरांनी, त्यात प्रखर दिवे आणि फेसाबरोबर पाण्यातला मळ उपसून काढणारे स्किमर हे यंत्र यांची भर घातली. बर्लिनच्या डीट्रिख श्टुबर याच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा जातीचे फांद्यांचे प्रवाळ इतके फोफावले की तो त्याच्या फांद्या मोडून मित्रांना देत असे, आणि त्या वंशाचे तुकडे हातोहात दूरवर पसरले. शेजारणीकडून वाटीभर दही आणून विरजण लावणाऱ्या आपल्या लोकांना या व्यवहाराचे नवल वाटू नये. आज जगभर ‘फ्रॅग’ म्हणून विकले जाणारे बोटाएवढे तुकडे म्हणजे असेच विरजण. समुद्रातून उपसलेल्या प्रवाळापेक्षा टाकीत वाढलेला फ्रॅग केव्हाही बरा, कारण टाकीतल्या जगण्याची त्याला सवय असते आणि त्याच्यापायी कुठला खडक उघडा पडलेला नसतो.

प्रवाळ जगते कसे, याची जुजबी कल्पना असल्याशिवाय पुढची पाने उपयोगी पडणार नाहीत. प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, ही मांसल पिशवी असते. वर तोंड, भोवती शुंडकांची झालर. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. प्रकाशात ते साखर बनवते आणि तिचा मोठा वाटा घरमालकाला देते. घरमालक त्याला आसरा आणि आपल्या टाकाऊ द्रव्यांचे खत देतो. म्हणून प्रवाळाच्या टाकीत दिवा ही शोभेची वस्तू नसते, ती चूल असते. पाणी फार तापले की हा संसार मोडतो. शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उपासमारीला लागते. १९९८ साली लक्षद्वीपपासून मन्नारच्या आखातापर्यंत हेच झाले, आणि चिलर बंद पडलेल्या दिवाणखान्यातल्या टाकीतही हेच होते.

नवख्या माणसाने पहिले प्रवाळ कोणते घ्यावे? या प्रश्नाला रंग, किंमत, दुर्मीळपणा अशा कसोट्या लावलेल्या मी नेहमी पाहतो. माझी कसोटी वेगळी आहे. पहिले प्रवाळ लवकर रुसणारे आणि उशिरा मरणारे असावे. पाण्यात काही बिघडले की त्याने तासा-दोन तासांत अंग आखडून नाराजी दाखवावी, आणि आपण चूक शोधून दुरुस्त करीपर्यंत आठवडा-दोन आठवडे तग धरावा. नाजूक प्रवाळे नेमकी उलट वागतात. अ‍ॅक्रोपोरा आज संध्याकाळी ठणठणीत दिसतो आणि उद्या सकाळी त्याचे मांस सांगाड्यावरून गळू लागलेले असते. चूक आठ दिवसांपूर्वीची असते आणि तोवर तिचा मागही उरलेला नसतो.

ही कसोटी मला पुस्तकातून मिळालेली नाही. माझ्या पहिल्या टाकीत मी छत्रीच्या आकाराचे एक लेदर, म्हणजे एका जातीचे मऊ प्रवाळ, ठेवले होते. महिनाभराने एके दिवशी त्याने सगळे पॉलिप आत ओढले, अंगावर मेणचट पापुद्रा आला, रंग विटला. चार दिवस वाट पाहिली, पाचव्या दिवशी मेले समजून ते फेकून दिले. पुढे कळले की लेदर अधूनमधून कात टाकते. पापुद्र्यावर साचलेला गाळ आणि शेवाळ त्याच्याबरोबर निघून जाते आणि आठवड्याभरात ते आधीपेक्षा टवटवीत उमलते. मी जिवंत प्राणी कचऱ्यात टाकला होता. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे, की मिटलेले प्रवाळ आणि मेलेले प्रवाळ यांत फरक असतो. मेलेल्याचा वास येतो, त्याचे मांस विरघळते. मिटलेल्याला पाण्याचा प्रवाह थोडा वाढवून आणि हात आवरून बरे होऊ द्यावे.

पण प्रवाळाआधी पाणी. नवी टाकी भरल्यावर अमोनिया, मग नायट्राइट, मग नायट्रेट असा जिवाणूंचा कारभार बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर काचेवर आणि वाळूवर तपकिरी शेवाळाची साय येते आणि जाते. इतके होईपर्यंत काही घेऊ नये. खारटपणा लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, तापमान २४ ते २६ अंश सेल्सियस, क्षारता ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएमच्या दरम्यान हे आकडे प्रत्येक पुस्तकात सापडतील आणि ते बरोबरही आहेत. मी एवढेच जोडीन की आकडा अचूक असण्यापेक्षा तो रोज तोच असणे प्रवाळाला जास्त मानवते. क्षारता साडेसातवर स्थिर असलेली टाकी मी सुखी पाहिली आहे. साडेसात आणि दहा यांमध्ये झोके घेणारी मात्र एकही पाहिली नाही. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा अट्टहासही नको. मऊ प्रवाळांना थोडा ‘मळ’ लागतो. अतिस्वच्छ टाकीत ती उपाशी राहतात.

एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. पाण्याची पातळी खाली गेली की घाईत तयार खारे पाणीच ओततो. मिठागर पाहिलेल्या माणसाला यातले चुकते काय ते सांगायला नको. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे राहते. रोजची तूट नेहमी गोड्या, गाळलेल्या आरओ पाण्यानेच भरायची. बोअरचे पाणी नको, नळाचेही नको.

आपल्या हवेचा विचार परदेशी पुस्तके करत नाहीत, त्यामुळे तो इथे करणे भाग आहे. एप्रिल-मेमध्ये नागपूरला किंवा पुण्याला खोलीचे तापमानच ३० च्या वर असते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारणारे छोटे पंखे कोरड्या हवेत चांगले काम करतात, कारण बाष्पीभवन जोरात होते. मुंबईच्या, रत्नागिरीच्या दमट हवेत तेच पंखे निम्मेही उपयोगी पडत नाहीत आणि चिलरला पर्याय उरत नाही. वीज जाते हेही गृहीत धरावे. दिवा आठ तास बंद राहिला तर प्रवाळाचे काही बिघडत नाही, समुद्रातही ढगाळ दिवस असतात. पाणी हलायचे थांबले तर मात्र रात्रीत प्राणवायू संपतो. इन्व्हर्टरवर आधी पाणी हलवणारा एक पॉवरहेड जोडावा, बाकी सगळे नंतर.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. सर्वांत आधी मी मश्रूम सुचवतो, डिस्कोसोमा किंवा रोडॅक्टिस. शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने हे खरे प्रवाळ नव्हे, दगडी प्रवाळाचे बिनसांगाड्याचे भाऊबंद. पण छंदात त्याला प्रवाळच म्हणतात आणि त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. कमी प्रकाश, मंद प्रवाह, तळाशी जागा एवढ्यावर ते खूश असते. जागा पसंत पडली नाही तर रुसून दगड सोडते आणि चालते होते; दोन दिवसांनी टाकीच्या भलत्याच कोपऱ्यात सापडते. ते तिथे सुखात असेल तर तिथेच राहू द्यावे. जागेचा निर्णय त्याने आपल्यापेक्षा चांगला घेतलेला असतो.

लेदरबद्दल वर लिहिलेच आहे. सार्कोफायटन आणि सिन्युलारिया ही दोन नावे दुकानात विचारता येतील. ही प्रवाळे शेजाऱ्यांना हटवण्यासाठी पाण्यात रसायने सोडतात, म्हणून टाकीत थोडा सक्रिय कोळसा ठेवून तो दर महिन्याला बदलावा.

झोआ, म्हणजे झोअँथस आणि पॅलिथोआ, यांच्यावर मात्र जरा रेंगाळले पाहिजे, कारण नवशिक्यांचे सर्वांत लाडके प्रवाळ तेच आणि सर्वांत धोक्याचेही तेच. एका चटईवर दाटीने बसलेली बटणाएवढी रंगीत फुले, प्रकाश जास्त-कमी झाला तरी चालवून घेणारी, भराभर वाढणारी. हवाईतील माऊई बेटावर हाना भागात एका डबक्यातले ‘मारक शेवाळ’ भाल्यांच्या टोकांना लावत असत, अशी आख्यायिका होती. ते शेवाळ म्हणजे पॅलिथोआ. १९७१ मध्ये मूर आणि श्योअर या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातले विष वेगळे काढले आणि त्याला पॅलिटॉक्सिन हे नाव पडले. प्राणिजन्य विषांत ते अत्यंत जहाल गणले जाते. प्रत्येक झोआमध्ये ते घातक प्रमाणात असते असे नाही, पण तुमच्या हातातल्या चटईत किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून हातमोजे, डोळ्यांना चश्मा, हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम बंद. ते स्वयंपाकघरात कापू नये. आणि काहीही झाले तरी झोआ चिकटलेला दगड स्वच्छ करण्यासाठी उकळत्या पाण्यात टाकू नये. त्या वाफेने घरेच्या घरे दवाखान्यात गेलेली आहेत. हे वाचून झोआ नको वाटले तर तो समंजस निर्णय आहे. मी स्वतः ठेवतो, काळजी घेऊन.

दोन प्रवाळे अशी आहेत की ती मरत नाहीत हीच त्यांच्याविषयीची तक्रार. ग्रीन स्टार पॉलिप जांभळी सतरंजी अंथरत दगडामागून दगड गिळते. झेनियाचे पंजे अखंड उघडझाप करतात. कितीही वेळ पाहत बसलो तरी कंटाळा येत नाही. ही उघडझाप कशासाठी, याचे एक उत्तर तांबड्या समुद्रात एलातजवळ काम करणाऱ्या इस्रायली अभ्यासकांनी २०१३ मध्ये दिले : त्यामुळे पॉलिपभोवती साचलेला प्राणवायू झटकला जातो आणि आतल्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण जोमाने चालते. पण ज्या जोमाने ते श्वास घेते त्याच जोमाने पसरते. या दोघांना मुख्य खडकापासून दूर, वाळूत सुट्या दगडावर बसवावे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर झेनियाच्याच कुळातले एक परके प्रवाळ मोठा भाग व्यापून बसले आहे. कुणीतरी मत्स्यालयातून ते समुद्रात सोडले असावे, असे मानले जाते. टाकीतले पाणी, दगड, प्रवाळ यांतले काहीही कधीच समुद्रात वा खाडीत टाकू नये. नको असलेले प्रवाळ मित्राला द्यावे.

दगडी प्रवाळांविषयी वाचकांनी आधी कायदा समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश आहे. म्हणजे वाघाच्या पंगतीला. दुकानदार ‘सगळे ठेवतात हो’ म्हणाला तरी भारतात राहणाऱ्या वाचकाने त्या फंदात पडू नये. मऊ प्रवाळांतही आपल्याला आयुष्यभर पुरेल इतके आहे, आणि ती दगडीच्या खालची पायरी आहेत हा समज मला मान्य नाही. जर्मनीत, अमेरिकेत, सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना मात्र शेतीत वाढवलेली दगडी प्रवाळे रीतसर मिळतात. त्यांनी कॉलॅस्ट्रिया आणि डंकन यांपासून सुरुवात करावी. दोन्ही मांसल, दोन्ही भरवलेले आवडीने खाणारी. हॅमर आणि टॉर्च त्यानंतर, आणि तेही शेजाऱ्यापासून वीतभर अंतरावर, कारण रात्री त्यांची लांब शुंडके बाहेर पडतात आणि हाताला लागेल त्याला डंख मारतात. दुकानातल्या गोनिओपोराच्या फुलोऱ्याला भुलू नये. कित्येक वर्षे ते हजारोंनी विकले गेले आणि बहुतेक काही महिन्यांत झिजून मेले. आता जरा बरे जगते, पण पहिल्या वर्षी नको. प्रकाशावर न जगणारे केशरी सूर्यप्रवाळही नको, त्याला जवळजवळ प्रत्येक तोंडागणिक भरवावे लागते.

खरेदीला गेल्यावर घाई करू नका. पॉलिप उघडे आहेत का, कडा फाटलेल्या नाहीत ना, तळाशी पांढरा सांगाडा उघडा पडलेला नाही ना, ते पाहा. दुकानदाराला विचारा : किती दिवसांपासून इथे आहे? कालच आले असेल तर त्याला आठवडाभर तिथेच राहू द्या. घरी आणल्यावर प्रवाळासाठीच्या डिपमध्ये, म्हणजे कीड काढणाऱ्या द्रावणात, बुडवून काढा आणि ते ज्यावर चिकटवलेले असते तो मूळचा प्लग शक्यतो फेकून द्या, कारण त्याच्या फटीतून एप्टेशिया शिरते. ही पारदर्शक, चिवट समुद्रफुलाची जात प्रयोगशाळांत प्रवाळ-शैवाल संबंधाच्या अभ्यासासाठी मुद्दाम वाढवली जाते. घरच्या टाकीत मात्र तिच्याइतका वैताग कशाचाच नाही. नवे प्रवाळ आधी तळाशी ठेवा, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या. आणि एका वेळी एकच आणा. तीन एकदम आणली आणि एक रुसले, तर कोण कशावर रुसले हे कधीच कळणार नाही.

हे पुस्तक टाकी विकत घेण्याआधी एकदा आणि पाणी भरल्यावर पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे. पहिल्या वाचनात आकड्यांची प्रकरणे चाळली तरी चालतील. एक वही मात्र पहिल्या दिवसापासून घालावी : तापमान, खारटपणा, काय उघडे होते, काय मिटलेले होते. माझ्या वहीत लेदरच्या त्या पाच दिवसांची नोंद असती तर पुढे तसेच पुन्हा झाले असते तेव्हा मला ओळखता आले असते. पण तोवर लेदरच उरले नव्हते.

शेवटची विनंती पुस्तकाबाहेरची. आपल्या किनाऱ्यावरही प्रवाळ आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके घातले तर दगडी प्रवाळे दिसतात. मुंबईत सागरी किनारा मार्गाच्या वेळी, २०२० मध्ये, हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. आणि ज्या झोआंसाठी लोक परदेशातून पार्सले मागवतात, त्यांचेच हिरवट-तपकिरी भाऊबंद मुंबईच्या खडपांवर मुक्कामाला आहेत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटी सर्वांत खोल जाते. त्या दिवसांत मुंबईला ती वेळ साधारण सकाळी किंवा संध्याकाळी येते. टाकीचा विचार करण्याआधी एकदा तिथे जा. घसरणार नाहीत अशा चपला घाला, पाय उघड्या खडकावर ठेवा, जिवंत चटईवर नको. डबक्याशी उकिडवे बसून ती तोंडे उघडताना पाहा, आणि येताना हात रिकामे ठेवा.